रिकाम्या गाडीचा वैरी

बारामतीच्या आमराईत राहणाऱ्या साहेबरावाला शांत बसलेलं पाहिलं, असं सांगणारा माणूस शोधूनही सापडला नसता. पायाला भिंगरी असलेली माणसं पुष्कळ असतात, याच्या जिवालाच ती होती. जेवताना एक गुडघा उभा, झोपेत पाय चालू, आणि दाढीला बसला की न्हावी आधीच हात जोडायचा, "साहेबराव, मान तेवढी माझ्या ताब्यात द्या." त्याची बायको शालन अंगणवाडीत शिकवायची. ती म्हणायची, "तितं एवढी पोरं गप बसत्यात, घरातलं एक काय बसत न्हाय."

नोकरीही त्याला जिवाजोगती मिळाली होती. 'गारवा' नावाच्या सोडा कंपनीचा टेम्पो तो चालवायचा. कंपनी म्हणजे एमआयडीसीच्या कडेची पत्र्याची एक लांबट शेड. लिंबू, संत्रं आणि साधा सोडा काचेच्या बाटल्यांत भरायचा, बाटल्या लाकडी खोक्यांत रचायच्या आणि इंदापूर तालुक्यातल्या दुकानांना पोचवायच्या. परत येताना दुकानांतल्या रिकाम्या बाटल्या गोळा करून आणायच्या, धुवायच्या, पुन्हा भरायच्या. मालक आप्पासाहेब सकाळी शेडच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि टेम्पो बाहेर पडला की पेपर उघडत.

साहेबरावाचा बाप दुसऱ्याची बैलगाडी हाकायचा. माल टाकून गाडी मोकळी झाली की परतीच्या वाटेवर तो काहीतरी घ्यायचाच. कुणाचा कडबा, कुणाची लाकडं, आणि काहीच मिळालं नाही तर उन्हात चालणारी एखादी म्हातारी. "मोकळी गाडी वडायची म्हंजी बैलाला बिनगुन्ह्याची सजा," असं तो म्हणायचा. साहेबरावाच्या वाट्याला बैल आले नाहीत, डिझेलचं इंजिन आलं. पण रिकाम्या टेम्पोच्या मागून काळा धूर निघताना आरशात दिसला की त्याला बैलाच्या तोंडचा फेस आठवायचा आणि रस्ताभर तो स्वतःवरच चरफडायचा.

कंपनीत तो आला तेव्हा तिथे मोठाच पोरखेळ चालला होता. दुकानदार भरलेली खोकी उतरवून घ्यायचे आणि रिकाम्या बाटल्यांचं नाव काढलं की म्हणायचे, "उद्या न्या, आता कुठं हुडकू?" मग टेम्पो मोकळाच परतायचा आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक टेम्पो नुसत्या रिकाम्या बाटल्या आणायला मोकळाच जायचा. त्याच रस्त्याने, तेच खड्डे चुकवत. साहेबरावाने हे महिनाभर कसंबसं सोसलं. मग एके दिवशी निमगाव केतकीच्या बाजारात तो खोकं खांद्यावर धरून उभा राहिला आणि खाली ठेवीना.

"रिकामं द्या, भरलं घ्या," तो दुकानदाराला म्हणाला.

"आरं, गिऱ्हाईक खोळंबलंय माझं."

"खोळंबू द्या. मीबी खोळंबलोय."

दुकानदाराने शिव्या घातल्या, पण बाटल्या हुडकल्या. निमगावात झालं ते इंदापुरात झालं. पुढे तर टेम्पोचा हॉर्न ऐकला की दुकानदार आधीच रिकामी खोकी फळीवर काढून ठेवायला लागले. दुसरा टेम्पो शेडच्या मागे उभा राहिला आणि त्याच्या टपावर कोंबड्या बसू लागल्या. आप्पासाहेबांनी साहेबरावाच्या पाठीवर थाप मारली. दुसरा कुणी एवढ्यावर समाधान मानून गप्प बसला असता. पण गप्प बसणं हेच तर त्याला जमत नव्हतं.

आता त्याच्या डोळ्यात पळसदेवची जीप खुपायला लागली. आठवड्यातल्या तीन फेऱ्या पळसदेववरून असायच्या. तिथून निघालं की नेमकी मासळीची जीप पुढे लागायची. उजनीच्या पाण्यातली मासळी घेऊन ती बारामतीच्या बाजाराला जायची, आणि मासळी म्हणाल तर मागच्या कोपऱ्यात चार टोपल्या. बाकी जीप मोकळी. तिच्या मागे साहेबरावाचा टेम्पो, रिकाम्या बाटल्यांनी भरलेला पण वजनाला फुलासारखा. बारामती येईपर्यंत तो जीपचा धूर खायचा आणि मागच्याला आपला खाऊ घालायचा.

मासळी रंगूबाईची असायची. पन्नाशीची, काळीसावळी, आवाज असा की पाण्यातल्या होडीला काठावरून वळवील. साहेबरावाने एक दिवस टेम्पो तिच्यापुढे थांबवला.

"मावशी, एकाच रस्त्यानं दोन गाड्या कशापायी जाळायच्या? टोपल्या माझ्या खोक्यांवर ठिवा."

"मासळी हाय ती, बाबा. वास येतोय तिला. तुझ्या सोड्याला चालंल का?"

"आमच्याकडं बाटल्या कॉस्टिकच्या कडक, कढत पाण्यानं धुत्यात. वासाचा बापबी टिकत न्हाय."

रंगूबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. माणूस भला दिसत होता, घाईत दिसत होता. तिने टोपल्या चढवल्या. भाडं म्हणून घरी कालवणापुरती मासळी ठरली. जीपवाला लग्नाच्या वऱ्हाडाला लागला आणि त्याचंही काही बिघडलं नाही. आप्पासाहेबांना ही गोष्ट सांगायची साहेबरावाच्या मनात होती. पण ती बसून सांगण्यासारखी होती आणि तो उभ्या उभ्या बोलणारा, म्हणून राहिली ती राहिलीच.

त्याच सुमारास शालनने पेपरात एक बातमी वाचली. "आवं, जगातली समदी राज्यं धूर कमी कराय म्हणून बसणार हायती. जपानात सभा हाय म्हणं. धुरानं म्हणं पृथ्वी तापाय लागली."

"मग त्यास्नी म्हणावं आधी पळसदेवला या," साहेबराव दारातून म्हणाला. "एक टेम्पो आन एक जीप आमी बंद करून दावलीया." आणि त्या दिवशी तो खरोखर घटकाभर पायरीवर टेकला. शालनला वाटलं, लागला एकदाचा माणूस ठिकाणाला.

बाटल्या कॉस्टिकने धुतात हे खरं होतं. पण खोकी कोण धुतं? लाकडी खोकं म्हणजे बिनजिवाची वस्तू. त्यातनं रिकामी बाटली धुवायला काढायची, त्यातच भरलेली ठेवायची, हा कंपनीचा जन्मापासूनचा रिवाज. टोपल्यांतला बर्फ वितळायचा, ते पाणी खोक्यांवर ठिबकायचं आणि कोरडं लाकूड ते तहानलेल्या माणसासारखं पिऊन टाकायचं. साहेबरावाला हे एकदाही सुचलं नाही. धुराच्या मागे लागलेल्या माणसाला वासाचं भान राहिलं नव्हतं.

हे सगळं वर आलं सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात, नरसिंहपूरला, आणि दिवसही कसा निवडून काढल्यासारखा. नरसिंह जयंती. नीरा-भीमेच्या संगमावर माणूस मावत नव्हता. निम्म्या लोकांचा उपास आणि ऊन असं की सावलीलासुद्धा सावली हवी. देवळाच्या वाटेवर तात्याबाचं दुकान होतं. तात्याबा म्हणजे गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला गंध आणि घरात कांदासुद्धा वर्ज्य, अशी त्याची ख्याती. यात्रेकरू त्याच्याच दुकानात थांबायचे, कारण त्याच्या हातचं सोवळ्यातलं मानलं जायचं. साहेबरावाने टेम्पोभर खोकी उतरवली. तात्याबाने मोठ्या टपात बर्फ टाकला आणि बाटल्या त्यात बुडवल्या.

पहिल्या गिऱ्हाइकाने बाटली तोंडाशी नेली आणि थांबला. दुसऱ्याने नाकाला उपरणं लावलं. तिसऱ्याने टपात वाकून पाहिलं. "आवं, हितं कायतरी मेलंय."

तात्याबा गल्ला सोडून आला. साहेबराव त्याच्या शेजारी शेवटचं खोकं घेऊन उभा होता. टपातल्या पाण्यावर काहीतरी चकाकत फिरत होतं. तात्याबाने ते बोटाच्या टोकावर उचललं, उजेडात धरलं आणि एखाद्या सोनाराने सोनं ओळखावं तसं आपल्याशीच पुटपुटला, "चिलापी."

पुटपुटल्यावर त्याचं त्यालाच कळलं. त्याने मान वळवली. साहेबराव त्याच्याकडेच पाहत होता.

त्या माळेवाल्या माणसाने नुसत्या खवल्यावरून मासा ओळखला होता. मरळ नाही, कटला नाही, चिलापी. हे काही पोथी वाचून येत नाही. तात्याबाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं आणि गंध तेवढं लाल उरलं.

एव्हाना गर्दीत गलका झाला होता. "मासळी हाय, मासळी. आन आज उपासाच्या दिवशी." एकाने साहेबरावाला दंडाला धरून विचारलं, "आडनाव काय तुझं?" ते कशासाठी विचारतात ते साहेबरावाला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याने आडनाव सांगितलं, चांगलं मोठ्याने. "तरीच," तो माणूस म्हणाला.

तो 'तरीच' साहेबरावाच्या मस्तकात गेला. एक वाक्य त्याच्या जिभेच्या टोकावर आलं. तात्याबांना विचारा की, त्यांना कसं कळलं चिलापी हाय म्हणून. एवढं बोललं की झालं, सगळी गर्दी टपावरून तात्याबाकडे वळली असती. त्याचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. पण समोर तात्याबा उभा होता, बोटावर खवला तसाच, आणि डोळ्यांत असं काही की ते पाहवेना. एका शब्दासरशी या माणसाचं दुकान उठेल, घर उठेल, हे साहेबरावाला लख्ख दिसलं. आणि कशासाठी, तर ज्यात चूक काडीचीही नाही अशा खाण्यासाठी.

"खोकी मी आणली," साहेबराव म्हणाला. "परतीच्या वाटंला त्याच्यावर मासळीच्या टोपल्या ठिवल्या हुत्या. चूक माझी. दुकानाचा काय संबंध न्हाय."

तात्याबाला मग आवाज फुटला, तो नको तेवढा मोठा फुटला. "न्या ही घाण. ह्या माणसाला पुन्यांदा माझ्या दारात उभा करायचा न्हाय, सांगा तुमच्या मालकाला."

त्या दिवशी साहेबराव भरलेला टेम्पो घेऊन परत आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याची गाडी भरल्या बाटल्या घेऊन गेली आणि भरल्याच घेऊन आली, आणि इतकी जड ती कधी लागली नव्हती.

आप्पासाहेबांनी आरडाओरडा केला नाही. "तुला कामावरनं काढत न्हाय," ते म्हणाले. "दुसरा टेम्पो तूच वाचवलास, ते मी इसरलो न्हाय. पण गाडीला हात लावायचा न्हाय. नरसिंगपूर हातचं गेलं तर आपला निम्मा हंगाम गेला. तात्याबानं आपल्या तोंडानं तुला बोलावलं, तर बघू."

म्हणजे जन्मात नाही, हे दोघांनाही कळलं.

साहेबराव बाटल्या धुण्याच्या खात्यात गेला. तिथे स्टुलावर बसून काम. एका जागी, दिवसभर, हातात बाटली आणि समोर भिंत. त्याला असं वाटायचं की अंगावर मुंग्या सोडल्यात. नवा ड्रायव्हर भिडस्त होता. दुकानदार म्हणाले उद्या, की तो म्हणायचा बरं. पंधरवड्यात शेडच्या मागच्या टेम्पोवरच्या कोंबड्या हुसकल्या गेल्या आणि तो खोकत खोकत रिकाम्या बाटल्या आणायला निघाला. साहेबरावाला आत बसून दोन्ही इंजिनांचे आवाज वेगळे ओळखू यायचे. एक गेलं. आता दुसरं गेलं. पळसदेवला जीपही पुन्हा लागली असणार. तो उठायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा, पुन्हा उठायचा.

घरी तो उंबऱ्यापासून चुलीपर्यंत येरझारा घालायचा. एक दिवस शालनने त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. "तुमी तितं काय बोलला न्हाय, असं हुणार न्हाय. तुमच्या तोंडाला कुलूप कवा लागलंय? काय झालं त्ये सांगा."

त्याने खवल्याची गोष्ट सांगितली. शालन आधी डोळे विस्फारून ऐकत राहिली आणि मग पदर तोंडात कोंबून इतकी हसली की तिला ठसका लागला. हसू ओसरल्यावर म्हणाली, "मग जावा की त्येच्याकडं. नुसतं उभं ऱ्हावा दारात. धावत यील तुमच्या मालकाकडं."

"ते न्हाय व्हायचं."

"का?"

"तोंड गप ठिवल्याचं भाडं मागायचं व्हय? गप ठिवलं ते ठिवलं." तो पुन्हा उठला. "मला माझी गाडी पायजे, शालन. त्येची मान नको."

नवरा अस्वस्थ आहे याचा तिला आजवर राग यायचा. त्या दिवशी पहिल्यांदा तिला त्याचं वाईट वाटलं, आणि थोडा अभिमानही.

मन रमेना म्हणून म्हणा की पाप धुवायला म्हणा, साहेबराव खोकी धुवायला लागला. ते काम त्याला कुणी दिलेलं नव्हतं. बाटल्यांचं काम आटोपलं की उरलेल्या गरम पाण्यात एकेक खोकं बुडवायचं, ब्रशने घासायचं, उन्हात उलटं टाकायचं, आणि वाळलं की त्यात तोंड घालून हुंगायचं. बाकीचे कामगार म्हणायचे, याला उन्हाळा बाधला. तो पुन्हा हुंगायचा आणि पुन्हा बुडवायचा.

एक दिवस रंगूबाई बाजार करून थेट शेडच्या दारात आली. डोक्यावर दुधाचा एक जुना ॲल्युमिनियमचा कॅन, पोचे पडलेला.

"जीपवाला लगनात गुतला की माझी मासळी काठावर सडतीया," ती म्हणाली. "तुला म्या आधीच सांगितलं हुतं वासाचं. पण माझीबी टोपली गळकी, म्या तरी कुठं इचार केला? ह्यो डेअरीनं मोडीत काढलेला कॅन हाय. झाकण बघ कसं बसतंय."

साहेबरावाने कॅन पाण्याने भरला, झाकण दाबलं आणि उलटा धरला. थेंब पडला नाही. मग तो कॅन खांद्यावर घेऊन शेडभर धावला, उड्या मारल्या, खड्ड्यातून टेम्पो जावा तसा हलवला. आप्पासाहेबांनी पेपर खाली घेतला.

"साहेबराव, तुला गाडी मिळायची न्हाय. कॅन कशाला हलवतोस?"

"बघून ठिवतो," तो म्हणाला. रंगूबाईने कॅन तिथेच ठेवला आणि ती गेली.

श्रावण लागायच्या आधी तात्याबा बारामतीला आला. माळ, गंध, पांढरं धोतर. साहेबराव खोकं घासत होता, त्याने मान वर केली नाही. तात्याबाही त्याच्याकडे न पाहता सरळ आप्पासाहेबांपुढे जाऊन बसला. पण शेड छोटी होती आणि ऐकू सगळं येत होतं.

"तुमचा नवा डायवर लई गुणाचा हाय," तात्याबा म्हणाला. "म्हणंल ते ऐकतो. रिकाम्या बाटल्या न्हेत न्हाय. माझ्या दुकानात आता मला उभं ऱ्हायाला जागा न्हाय, गिऱ्हाईक भाईर उन्हात. एक गाडी माल टाकून मोकळी जाती, दुसरी मोकळी येती. आमी गावाकडची माणसं, पर एवढं येडं काम आमी बैलाकडनंबी करून घेत न्हाय."

"मग काय करू म्हणता?"

"ह्याला पाठवा." तात्याबाने अंगठ्याने मागे दाखवलं.

"तुमीच म्हणला हुता, दारात उभा करू नका."

तात्याबा धोतराचा सोगा चाळवू लागला. "म्हणलो हुतो. गर्दी हुती, जत्रा हुती. माणूस घाबरला की वरडतो." मग तो वळला आणि पहिल्यांदा साहेबरावाकडे नीट पाहिलं. "त्यो घाबरला न्हवता. त्यो गप ऱ्हायला. असा माणूस गाडीवर पायजे."

आप्पासाहेबांना त्यातलं अर्धंच कळलं, पण अर्ध्यात त्यांचं भागलं. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. साहेबराव उठून आला, हात पुसले आणि किल्लीला हात लावण्याआधी म्हणाला, "आप्पासाहेब, आधीच सांगतो. मासळी मी पुन्यांदा आणणार. कॅनमधनं, झाकण लावून, खोक्यांपासनं लांब. न्हाय म्हणायचं आसंल तर आत्ता म्हणा."

आप्पासाहेबांनी तात्याबाकडे पाहिलं. तात्याबा छताकडे पाहत होता. "झाकण घट्ट असलं म्हंजी झालं," तो छताला म्हणाला.

पुढच्या फेरीला साहेबराव नरसिंहपूरला गेला तेव्हा तात्याबाने रिकाम्या बाटल्यांची खोकी आधीच रस्त्यावर काढून ठेवली होती. एकही कमी नाही. साहेबरावाने ती चढवली, दोर आवळला, फळी लावली आणि उडी मारून गाडीत बसला. इंजिन सुरू झालं, तोच तात्याबा खिडकीशी आला. इकडे-तिकडे पाहिलं. पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी त्याने आत सीटवर सरकवलं. साहेबरावाने पोतं बाजूला केलं. आत दुधाची छोटी बरणी होती, स्टीलची, नवीकोरी, झाकणाला रबर बसवलेली.

"परवा पळसदेववरनं जाणार न्हवं?" तात्याबा म्हणाला.

"व्हय."

"मग पुढल्या खेपंला ही माघारी आणा." तो गंध सावरत थोडा घुटमळला. "आणि साहेबराव, रिकामी आणू नका."